घरची गाडी, जॅक आणि घोडी

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. महाविद्यालयात इतिहास शिकवणारा हा एम. ए. झालेला माणूस, त्याने मलिक अंबरावर बोलावे, चांदबिबीवर बोलावे. गाडीखाली लावायच्या जॅकवर बोलण्याचा त्याला अधिकार काय? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की या विषयाची शिकवणी मला पुस्तकात मिळाली नाही. ती माझ्याच अंगणात मिळाली, आणि तिची फी माझ्या बरगड्यांनी भरायची होती ती थोडक्यात चुकली. ती हकीकत पुढे सांगतोच.

पण इतिहासाच्या माणसाला थोडे मागे गेल्याशिवाय राहवत नाही. विजापूरच्या बुरुजावर असलेली मुलूख-मैदान तोफ आपल्याला ऐकून माहीत असेल. ही तोफ ओतली गेली आपल्या नगरात, १५४९ साली. तिचे वजन सुमारे ५५ टन भरते. ती येथून परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि तेथून विजापूरला. ती ओढून न्यायला चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे लागली, असे सांगतात. आकडे थोडे कमीजास्त असतील, पण एक गोष्ट उघड आहे. एवढे ओझे हलवायचे म्हटल्यावर प्रत्येक माणूस जागा असणार. दोर कुठे ताणला आहे, चाक कुठे रुतते आहे, कोणाचा पाय मध्ये येतो आहे, इकडे शेकडो डोळे लागलेले असणार. जड वस्तूचा माणसाला धाक होता.

आज काय स्थिती आहे? शाळेत जाणारा मुलगा एका हाताने दांडा खालीवर करतो आणि हजार किलोची मोटार अलगद वर येते. ना बैल, ना हत्ती, ना आरडाओरडा. ही विज्ञानाची कृपाच आहे. पण तिच्यात एक गोम आहे. ओझ्याचे वजन कमी झालेले नाही. त्याची भीती मात्र कमी झाली आहे. आजचे माझे बोलणे आहे ते याविषयी.

आपल्या जिल्ह्यात आता मोटार ही शहराची मिरास राहिलेली नाही. कोणी मास्तर जुनी गाडी घेऊन वाडीवस्तीवरच्या शाळेत जातात. कोणा शेतकऱ्याच्या दारात जीप आहे, दूध न्यायला पिकअप आहे, ट्रॅक्टर तर घरोघर आहेत. गॅरेज मात्र तालुक्याला. मग रविवारी अंगणातच गाडीचे तेल बदलणे, ब्रेक पाहणे, सायलेन्सर कसणे ही कामे निघतात. यात वाईट काहीच नाही. आपले वाहन आपल्या हाताने नीट ठेवणारा माणूस मला आवडतो. फक्त त्याने गाडीखाली जाण्यापूर्वी दोन वस्तूंतला फरक ओळखला पाहिजे: गाडी उचलणारा जॅक, आणि गाडी धरून ठेवणारा स्टँड. गॅरेजवाले या स्टँडला घोडी म्हणतात. मीही घोडीच म्हणतो, कारण शब्द नेमका आहे.

आता माझी हकीकत. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे जुनी विकत घेतलेली एक लहान मोटार होती. दिवाळीची सुट्टी होती, गॅरेज बंद होते आणि सायलेन्सर खाली लोंबकळून खडखडत होता. मी म्हटले, यात काय मोठेसे? डिकीतला जॅक काढला. अंगणात शहाबादी फरशी होती, तिच्यावर तो ठेवला, गाडीची एक बाजू वर घेतली, गोणपाट अंथरले आणि पाठीवर सरकत आत शिरलो. माझी आठ वर्षांची मुलगी बॅटरी धरून बसली होती. आत गेल्यावर ध्यानात आले, की पाना चुकीचा आणला आहे. बारा नंबरचा हवा होता आणि हाती चौदाचा होता. मुलीला तो सापडला नसता, म्हणून कुरकुरत मीच बाहेर आलो आणि पडवीत गेलो.

पाठीमागे ‘टक्’ असा आवाज झाला. अडकित्त्याने सुपारी फोडावी, तेवढाच. फरशी तडकली होती. खाली उंदरांनी पोखरून पोकळी केलेली, आणि नेमका तिच्यावर मी जॅक टेकवलेला. जॅक कलंडला आणि गाडी खाली बसली. मी वळून पाहिले, तर माझी मुलगी बॅटरी हातात धरून जागच्या जागी उभी होती आणि गाडीखाली पाहून विचारत होती, “बाबा, तुम्ही कुठे आहात?” मी तिच्या पाठीमागेच उभा होतो, पण मला तोंडातून शब्द काढायला बराच वेळ लागला.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुष्कळांचा याबाबत गैरसमज असतो. गाडीची चारही चाके जागेवर होती. तरीसुद्धा गाडी खाली बसल्यावर तिचे पोट आणि गोणपाट यांच्यात वीतभरही अंतर राहिले नव्हते. माणसाची छाती त्याहून जाड असते. ‘चाक काढलेले नाही, मग काय होणार आहे?’ असे जे म्हणतात, त्यांनी आपल्या गाडीखाली एकदा वीत घालून पाहावी.

आवाज ऐकून शेजारचे तात्या आले. वय पंच्याहत्तरीचे, जन्म शेतात गेलेला, मोटार कधी चालवलेली नाही. त्यांनी फरशी पाहिली, जॅक पाहिला आणि मला विचारले, “ह्ये उचलायचं झालं. धरायला काय लावलं व्हतं?”

मी म्हणालो, “तात्या, जॅकच होता.”

“आवो सर,” तात्या म्हणाले, “बैल सोडायचे म्हंजे गाडी काय बैलाच्या मानेवर ठेवून सोडतो का आपण? आदी जुवाखाली टेकू देतो, मंग बैल सोडतो. बैल वढायला, टेकू हुबं ठेवायला.”

श्रोतेहो, या विषयावरचे सगळे शास्त्र तात्यांनी एका वाक्यात सांगितले. पुढे मी जे वाचले, विचारले, तपासले, ते सारे या वाक्याचे भाष्य आहे. बैल दमतो, बिचकतो, माशी बसली तरी मान झटकतो. म्हणून त्याच्या भरवशावर गाडी उभी ठेवायची नसते. जॅकचेही तसेच आहे. तो दमतो कसा, हे आता पाहू.

आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मला हे समजावून सांगितले. शिवछत्रपतींच्या जन्माआधी सात वर्षे, १६२३ साली, फ्रान्समध्ये पास्कल नावाचा विद्वान जन्मला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व बाजूंना सारखाच पोहोचतो, हा नियम त्याच्या नावाने ओळखला जातो. पुढे १७९५ साली, म्हणजे आपल्या जामखेड तालुक्यात खर्ड्याची लढाई झाली त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने या नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. आपला तेलाचा जॅक हा त्याच कुळातला.

हिशेब सोपा आहे. समजा, आपण दांड्यावर २० किलोचा जोर दिला. दांडा लांब असल्यामुळे तो पंधरा पट होऊन आतल्या लहान दट्ट्यावर ३०० किलोचा जोर पडला. मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ लहानाच्या आठ पट असेल, तर वर २४०० किलोचा जोर मिळाला. घर्षणात थोडा गेला, तरी दोन टन उरले. अर्थात फुकट काही मिळत नाही. दांडा हातभर खालीवर करावा तेव्हा गाडी काही रेषाच वर सरकते.

आता हे दोन टन कोणाच्या आधारावर उभे आहेत? पळीभर तेलाच्या. ते तेल अडवले आहे एका रबरी कड्याने आणि एका इवल्याशा झडपेने. रबर जुने होते, चिरते. झडपेत कुसळाएवढा कचरा अडकला तरी ती पुरती बसत नाही. तेल हळूहळू मागे झिरपले तर गाडी हळूहळू उतरते. कडे एकदम फुटले तर एकदम उतरते. आणि उतरण्यापूर्वी जॅक हाक मारत नाही.

शिक्षकबंधूंना माझी एक सूचना आहे. हा प्रयोग वर्गात दहा मिनिटांत होतो. औषधाच्या दुकानातून दोन नव्या सिरिंज आणा, एक पाच मिलिलिटरची आणि एक वीसची, सुया नकोत. सलाइनच्या नळीच्या तुकड्याने त्या जोडा आणि आत पाणी भरा. मोठीचा दट्ट्या वर राहील अशी ती उभी धरून त्यावर चारदोन पुस्तके ठेवा आणि धाकट्या सिरिंजचा दट्ट्या एका मुलीला दाबू द्या. पुस्तके वर येतील आणि वर्ग खूश होईल. पण प्रयोग तेथे थांबवू नका. वर आलेल्या पुस्तकांखाली बोट ठेवायला कोण तयार आहे, असे विचारा. आणि मग कोणाचेही बोट मध्ये नसताना नळी ओढून काढा. पुस्तके कशी धपकन बसतात, ते मुलांना पाहू द्या. पास्कलचा नियम परीक्षेपुरता लक्षात राहील. हा धप आवाज जन्मभर राहील.

घोडीत तेल नाही, रबर नाही, झडप नाही. आहे ते नुसते लोखंड, रुंद पायांवर उभे केलेले. ती स्वतः काहीच उचलत नाही, म्हणून ती थकतही नाही. उचलणारा एक आणि धरणारा दुसरा, अशी ही जोडी आहे, आणि खरेदी करताना ती जोडीनेच घ्यावी.

आता जॅकचे प्रकार पाहू. पहिला, गाडीबरोबर डिकीत मिळतो तो कैचीसारखा स्क्रूचा जॅक. तो रस्त्यात पंक्चर झाले तर चाक बदलण्यापुरता आहे. त्याचा पाया टीचभर असतो. त्याच्या जिवावर गाडीखाली डोकेसुद्धा घालू नये. मी काय केले ते आपण ऐकलेच. दुसरा, बाटलीच्या आकाराचा तेलाचा जॅक. बळ भरपूर, जागा थोडी लागते आणि किंमत बेताची. पण तो मिटलेला असतानाच वीतभर उंच असतो, म्हणून लहान मोटारीखाली जात नाही. जीप, पिकअप, ट्रॅक्टर, ट्रॉली यांना तो सोईचा. तिसरा, चाकांवर सरकणारा, लांब दांड्याचा ट्रॉली जॅक. तो बुटका असतो, त्याची बैठक रुंद असते आणि दांडा हाती धरून बाहेर उभे राहून काम करता येते. घरच्या मोटारीसाठी हाच घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र त्याला पक्की जमीन लागते. ते पुढे सांगतो.

किती टनी घ्यावा? दुकानदार विचारतो, “दोन टनी देऊ का तीन टनी?” आणि आपण खिशाकडे पाहून उत्तर देतो. खिशाकडे नव्हे, गाडीच्या नोंदणीच्या कागदाकडे पाहावे. त्यावर रिकाम्या गाडीचे वजन लिहिलेले असते. लहान मोटार सातशे ते हजार किलोची, मोठी जीप दीड टनाच्या वर, आणि शेतीचा नेहमीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास. आपण एका वेळी सगळी गाडी उचलत नाही. पुढची बाजू उचलली, तर इंजिन तेथे असल्यामुळे निम्म्याहून काहीसे अधिक वजन येते. येईल त्या वजनाच्या दुप्पट तरी ताकद जॅकमध्ये असावी. या हिशेबाने लहान मोटारीला दोन टनी पुरतो, जीपला तीन टनी बरा. गाडी भरलेली असताना उचलायची वेळ आली, तर आधी माल उतरवावा. ऊस भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला जॅकवर उभी आणि खाली दोन माणसे, हे दृश्य आपल्याकडे गळीत हंगामात नवे नाही. तेथे वजनाचा हिशेब कोणी केलेला नसतो.

घोडी घेताना टनांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: लिहिलेली ताकद एका घोडीची, की जोडीची मिळून? काही कारखाने एकीचा आकडा देतात, काही दोघींचा. हा खुलासा घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

यानंतर उंची. येथे पुष्कळजण फसतात. लहान ट्रॉली जॅक साधारण १३-१४ सेंटिमीटरपासून सुरू होतो आणि ३३-३५ पर्यंत वर जातो. नेहमीच्या घोडीची कमीत कमी उंची २७-२८ सेंटिमीटर असते. म्हणजे जॅकने गाडी घोडीच्या उंचीपेक्षा चार बोटे तरी जास्त वर नेली पाहिजे, तरच घोडी खाली शिरेल. गाडी उंच असेल, तर लहान जॅक तिला टेकायलाच निम्मा खर्ची पडतो. मग मंडळी जॅकखाली विटा ठेवतात, आणि तेथून अनर्थाला सुरुवात होते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी गाडी सपाटीवर उभी करून, जेथे जॅक लावायचा त्या जागेची जमिनीपासूनची उंची फूटपट्टीने मोजावी, कागदावर लिहून न्यावी, आणि जॅक व घोडी यांची पत्रिका तेथेच जुळवावी. लग्न लागल्यावर पत्रिका पाहण्यात अर्थ नाही.

घोडीचे दोन प्रकार मिळतात. एकीत दांड्याला भोके असून आरपार जाड खीळ घालतात. दुसरीत दाते असतात आणि खिटी आपोआप अडकते. दात्यांची घोडी काम भराभर करते. खिळीची घोडी सावकाश, पण तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही, आणि खीळ बसली की नाही हे डोळ्यांना दिसते. २०२० साली अमेरिकेत दात्यांच्या लाखो घोड्या परत मागवाव्या लागल्या, कारण दाते पुरते अडकत नव्हते आणि भार सरकला तर पकड सुटण्याचा धोका होता. म्हणून दात्यांची घोडी घेतली, तर खिटी खोल बसली आहे हे प्रत्येक वेळी वाकून पाहावे. दोन्ही प्रकारांत पाय रुंद असावेत, सांधे भरीव असावेत, आणि सपाट फरशीवर ठेवल्यावर घोडी डुगडुगता कामा नये. चारी पाय टेकले पाहिजेत. गावच्या वेल्डरकडून नळ्यांचे तुकडे जोडून घोडी करून घेण्याचा मोह होतो. त्या कारागिराच्या हाताला मी नावे ठेवत नाही. पण त्या घोडीवर दुप्पट भार घालून कोणी पाहिलेला नसतो. तिची पहिली परीक्षा आपल्या छातीवर होते. दुकानातल्या चांगल्या जोडीला साधारण एका नव्या टायरएवढे पैसे पडतात. टायर आपण तीन-चार वर्षांत झिजवतो. घोडी नीट ठेवली तर पुढची पिढी वापरील.

आता जमिनीविषयी. परदेशी पुस्तकांत सरळ लिहिलेले असते, की जॅक सिमेंटच्या पक्क्या जमिनीवर लावा. आपल्याकडे अंगण कोणाचे शेणाने सारवलेले, कोणाचे मुरमाचे, कोणाचे शहाबादी फरशीचे. आणि राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावकडे तर काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते. हिशेब पाहा. जॅकचा तळ दहा सेंटिमीटर लांब व तेवढाच रुंद असेल आणि त्यावर ५०० किलो वजन असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर पाच किलोचा भार येतो. ओल्या काळ्या मातीत तो रुतणारच, आणि रुतताना सरळ रुतत नाही, कलतो. त्याच जॅकखाली एक फूट लांब-रुंद जाड फळी दिली, की भार जवळपास अर्ध्या किलोवर येतो. फळी दोन-अडीच इंच जाडीची, टणक लाकडाची आणि एकसंध असावी. बाभळीचे लाकूड, ज्याच्यावर आपल्या बैलगाड्या पिढ्यान् पिढ्या चालल्या, ते उत्तम. घोडीच्या पायांखालीही अशीच फळी द्यावी.

ट्रॉली जॅकची आणखी एक खोड आहे. त्याचा हात कमानीत वर येतो. त्यामुळे गाडी वर जाताना जॅकला चाकांवर थोडे पुढे सरकावे लागते. त्याची चाके मुरमात किंवा मातीत रुतली, तर तो सरकत नाही. उलट तो गाडीलाच आपल्याकडे ओढतो, किंवा त्याची वाटी गाडीखालून निसटते. म्हणून अंगण कच्चे असेल, तर खाली जाड लोखंडी पत्रा किंवा मोठी फळी अंथरावी, नाहीतर अंगणाच्या एका कोपऱ्यात गाडीपुरते सिमेंट करून घ्यावे. फरशी असेल तर तिच्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला, की ती जागा टाळावी. हे ठोकून पाहणे मला कोणी आधी शिकवले असते, तर आज मी या विषयावर बोलत नसतो.

आणि विटा, सिमेंटचे पोकळ ठोकळे, दगडगोटे गाडीखाली कधीही नकोत. लाकूड मोडण्यापूर्वी कुरकुरते, वाकते, माणसाला बाहेर यायला थोडी तरी सवड देते. वीट सवड देत नाही. ती एका क्षणी वीट असते आणि दुसऱ्या क्षणी भुगा.

आता कामाचा क्रम सांगतो. कोणी लिहून घेत असेल तर जरूर घ्यावा. गाडी सपाटीवर उभी करावी, इंजिन बंद करावे, गिअरमध्ये टाकावी आणि हातब्रेक ओढावा. जी बाजू उचलायची, तिच्या विरुद्ध बाजूच्या चाकांना पुढून व मागून उटी लावावी. हे फार महत्त्वाचे. बहुतेक मोटारींचा हातब्रेक मागच्याच चाकांना लागतो. मागची बाजू उचलली, की तो ब्रेक हवेत जातो. चाक काढायचे असेल, तर नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावे. वर उचललेल्या गाडीशी झटापट करू नये. जॅक कोठे टेकवायचा हे गाडीच्या पुस्तकात चित्रासह दाखवलेले असते. तेथेच टेकवावा, इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखाली किंवा पत्र्याखाली नव्हे. गाडी वर घेतली, की मजबूत जागी घोड्या लावाव्यात आणि जॅक सावकाश सोडून गाडीचा भार त्यांच्यावर द्यावा. मग गाडीला बाहेरून, उभे राहून, दोन्ही हातांनी चांगला धक्का द्यावा. पडायचीच असेल, तर ती आपण बाहेर असताना पडू दे. धक्का देऊन ती हलली नाही, तरच खाली जावे. जॅकही काढून टाकू नये. गाडीला नुसता टेकवून ठेवावा. काढलेले चाक किंवा स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवावी. एवढे तीन आधार झाले. आणि चौथी गोष्ट, आपण गाडीखाली जात आहोत हे घरातल्या मोठ्या माणसाला सांगून जावे. गाडीत कोणी बसलेले नसावे. मुलांना बॅटरी धरायला बसवू नये. याचे कारण मी सांगायला नको.

शेतकरी बांधवांना दोन शब्द वेगळे सांगायचे आहेत. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधल्या खिळीवर झुलतो, म्हणजे तो दोन्ही बाजूंना खालीवर होतो. म्हणून मागची बाजू उचलताना पुढच्या आसावर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकाव्यात, नाहीतर ट्रॅक्टर एका अंगाला कलंडू शकतो. ट्रॅक्टरला मोटारीची घोडी चालत नाही. बाभळीच्या चौकोनी ठोकळ्यांची एक थर आडवा, एक थर उभा अशी रचना करावी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. रोटाव्हेटरची पाती बदलताना आपण तो ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर वर उचलतो आणि त्याच्याखाली बसतो. डंपिंग ट्रॉलीचा साटा वर करून खाली हात घालतो, चिखल काढतो, ग्रीस लावतो. श्रोतेहो, हेही तेच पळीभर तेल आहे आणि तेच रबर. शिवाय येथे एक दांडा आहे, ज्याला खेळणाऱ्या पोराचा हात लागू शकतो. अवजार वर असेल तर ते खाली जमिनीवर टेकवा, किंवा त्याच्याखाली भक्कम टेकू द्या आणि मगच हात घाला. ट्रॅक्टर बंद करा आणि किल्ली खिशात ठेवा. पाती बदलायला पाच मिनिटे जास्त लागतील. लागू देत.

जॅकची निगा फारशी नाही. काम झाले की तो पुरता खाली करून ठेवावा, म्हणजे दट्ट्यावर गंज चढत नाही. त्यात हायड्रॉलिक तेलच घालावे. ब्रेकचे तेल घालू नये, त्याने रबर फुगून खराब होते. वर्षातून एकदा गाडी थोडी वर घेऊन दहा मिनिटे नुसते पाहत बसावे. ती कणभरही उतरली, तर जॅक दुरुस्तीला द्यावा. वाकलेली किंवा सांध्याशी चिरलेली घोडी पुन्हा जोडून घेऊ नये, भंगारात द्यावी.

आपला नगर जिल्हा अवजड वाहनांशी फार परिचयाचा आहे. लष्कराच्या चिलखती दलाचे शिक्षण येथे होते. १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय येथे आहे. शाळांच्या सहली तेथे जातात आणि मुले त्या पोलादी धुडांकडे तोंडात बोट घालून पाहतात. शिक्षकांनी त्यांना तेथे एवढे सांगावे, की हे धूड पाहून जसा धाक वाटतो, तसाच थोडासा धाक आपल्या अंगणातल्या लहान मोटारीचाही असू द्या. रणगाड्याखाली कोणी बेसावधपणे झोपत नाही. माणसे सापडतात ती घरच्या गाडीखाली, कारण ती घरची असते.

तात्या आता राहिले नाहीत. त्यांच्या गोठ्यात बैलगाडीचे जू अजून पडून आहे आणि त्याच्या शेजारी तो लाकडी टेकूही. माझ्या घोड्यांची जोडी मी मुद्दाम तेथेच भिंतीशी ठेवतो. गावात कोणाला लागली, तर तेथून घेऊन जातो आणि काम झाल्यावर परत आणून ठेवतो. माझी मुलगी आता मोठी झाली आहे. मी गाडीखाली जायला निघालो, की ती आधी बाहेर येते, गाडीला दोन्ही हातांनी धक्का देऊन पाहते, आणि मग म्हणते, “हं बाबा, आता जा.”

आपल्या घरीही गाडीला असा धक्का देऊन पाहणारे कोणीतरी असावे, एवढीच माझी इच्छा आहे.